वसाहतकालीन उच्च न्यायालयावर बॅरिस्टरची नेमणूक कशी झाली, याचा शोध कसा घ्यावा

एकोणिसाव्या शतकातील एखाद्या न्यायाधीशाचे मराठी चरित्र उघडले, तर त्यात बहुधा असे एक वाक्य सापडते की त्यांची विद्वत्ता आणि सचोटी पाहून सरकारने त्यांना हायकोर्टाच्या न्यायासनावर बसवले. वाक्य खोटे असतेच असे नाही, पण त्यातून नेमणुकीविषयी काहीही कळत नाही. जागा का रिकामी झाली, कायद्याने ती कोणासाठी राखलेली होती, आधी हंगामी नेमणूक झाली होती काय, मुंबईचे गव्हर्नर आणि लंडनचे भारतमंत्री यांपैकी निर्णय कोणी घेतला, हे प्रश्न चरित्रकार सहसा विचारत नाहीत. चालू वकिली सोडून थेट न्यायासनावर जाणाऱ्या बॅरिस्टरांच्या, म्हणजे विलायतेत वकिलीची सनद घेतलेल्यांच्या, बाबतीत तर हे प्रश्न टाळून चालतच नाही, कारण त्यांच्यासाठी कायद्याने स्वतंत्र वाटा ठेवलेला होता. पुढील मार्गदर्शन स्थानिक इतिहास, न्यायालयांचा इतिहास किंवा एखाद्या कुटुंबाचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकांसाठी आहे. उदाहरणे मुख्यतः मुंबई उच्च न्यायालयाची घेतली आहेत. आधी जागा पाहावी आणि मग त्या जागेवर आलेला माणूस पाहावा, हा क्रम शेवटपर्यंत सोडू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

कायद्यापासून सुरुवात

पहिला कागद म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटचा १८६१ चा इंडियन हायकोर्ट्स अॅक्ट. त्याचे दुसरे कलम पूर्ण आणि सावकाश वाचावे. त्यानुसार उच्च न्यायालयात एक मुख्य न्यायाधीश आणि जास्तीत जास्त पंधरा इतर न्यायाधीश असू शकत, आणि पात्रतेचे चार मार्ग होते. पहिला मार्ग बॅरिस्टरीची किमान पाच वर्षे झालेल्यांचा. दुसरा करारबद्ध सनदी सेवेत (पुढची आय.सी.एस.) किमान दहा वर्षे काढून त्यांपैकी निदान तीन वर्षे जिल्हा न्यायाधीशाचे अधिकार चालवलेल्या अधिकाऱ्यांचा. तिसरा प्रिन्सिपल सदर अमीन (वरिष्ठ देशी दिवाणी न्यायाधीश) किंवा स्मॉल कॉज कोर्टाचा (लहान रकमांच्या दाव्यांच्या न्यायालयाचा) न्यायाधीश यांच्याहून खालचे नसलेले न्यायपद किमान पाच वर्षे सांभाळलेल्यांचा, आणि चौथा सदर न्यायालयात (कंपनीच्या वरिष्ठ न्यायालयात) किंवा उच्च न्यायालयात किमान दहा वर्षे वकिली केलेल्यांचा. मात्र याच कलमाच्या शेवटी जी अट घातली आहे, तिच्यातच सारे मर्म आहे. मुख्य न्यायाधीश धरून किमान एक तृतीयांश न्यायाधीश बॅरिस्टर असले पाहिजेत आणि किमान एक तृतीयांश सनदी सेवेतील असले पाहिजेत, असे ती सांगते. उरलेल्या तृतीयांशावरही या दोन वर्गांतील माणूस बसवायला कायद्याची मनाई नव्हती. त्यामुळे देशी वकील आणि देशी न्यायाधिकारी यांना जी जागा मिळे, ती राखीव नसे. दोन्ही राखीव वाटे भागल्यावर जे शिल्लक राहील आणि सरकार जे द्यायला राजी होईल, तेवढीच ती असे.

ही तृतीयांशांची विभागणी कोठून आली, हे समजून घेतले तर पुढचे कागद वाचणे सोपे होते. १८६२ पूर्वी मुंबईत न्यायाच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या. एकीकडे राजाच्या सनदेने स्थापन झालेले सुप्रीम कोर्ट होते. ते १८२४ मध्ये सुरू झाले, त्याच्या आधी १७९८ पासून रेकॉर्डरचे कोर्ट होते, आणि तेथे विलायतेहून आलेले बॅरिस्टर न्यायाधीश इंग्रजी पद्धतीने काम चालवत. दुसरीकडे कंपनीच्या सदर दिवाणी आणि सदर फौजदारी अदालती होत्या. तेथे मुलकी नोकरीतून चढत आलेले अधिकारी अपिले ऐकत, आणि १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेतील रेग्युलेशने, रूढी व धर्मशास्त्र यांच्या आधारे निकाल देत. २६ जून १८६२ च्या राजसनदेने या दोन्हींचे एक न्यायालय झाले आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजी त्याचे काम सुरू झाले. नव्या न्यायालयात दोन्ही वर्गांना आपापला हक्क हवा होता, म्हणून तृतीयांशांची तडजोड झाली. ओरिजिनल साइड आणि अपेलेट साइड हा भेद याच जोडणीची खूण आहे. ओरिजिनल साइडवर मुंबई शहराचे मोठे दिवाणी दावे सॉलिसिटरांमार्फत बॅरिस्टरांकडे येत, तर अपेलेट साइडवर मोफसलातील, म्हणजे शहराबाहेरच्या जिल्ह्यांतील, अपिले वकील चालवत. बॅरिस्टर न्यायाधीशाची गरज सरकारला प्रामुख्याने ओरिजिनल साइडसाठी वाटे, हे ध्यानात ठेवले म्हणजे नेमणुकीच्या पत्रव्यवहारात ‘कामाची निकड’ असा शब्दप्रयोग आला तर ती कोणत्या बाजूची निकड आहे, हे लगेच विचारता येते.

मुख्य न्यायाधीशाच्या पदासाठी वेगळी काळजी घ्यावी. मुंबईत मॅथ्यू सॉस यांच्यापासून १९४७ मध्ये पद सोडणाऱ्या लिओनार्ड स्टोन यांच्यापर्यंत प्रत्येक कायम मुख्य न्यायाधीश बॅरिस्टरच होता. सनदी सेवेतील एकही माणूस त्या पदावर कायम झाला नाही. म्हणून सनदी सेवेतील एखादा ज्येष्ठ न्यायाधीश ‘डावलला गेला’ असे लिहिण्याआधी तो त्या पदाच्या शर्यतीत मुळात होता काय, हे पाहावे लागते. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने ही स्थिती बदलली. त्यात तृतीयांशांची अट राहिली नाही आणि उच्च न्यायालयात किमान तीन वर्षे न्यायाधीश राहिलेल्या सनदी अधिकाऱ्यालाही कायम मुख्य न्यायाधीश होण्याचा मार्ग मोकळा झाला. १९१५ चा भारत सरकार कायदा या दोहोंच्या मध्ये येतो. त्याने १८६१ ची चौकट बहुतांशी तशीच ठेवली, मात्र बॅरिस्टरांच्या बरोबरीने स्कॉटलंडच्या अॅडव्होकेट वर्गाचा स्पष्ट उल्लेख केला. तुम्ही ज्या वर्षाची नेमणूक तपासत आहात, त्या वर्षी कोणता कायदा लागू होता, हे टिपणाच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवावे. १९३८ च्या नेमणुकीला १८६१ चे नियम लावल्याची चूक चांगल्या लेखनातही आढळते.

जागेचा वंश लावणे

कायदा वाचून झाल्यावर त्या जागेवर आधी कोण होते आणि नंतर कोण आले, याची साखळी तयार करावी. माझ्या मते संपूर्ण शोधातील सर्वांत फलदायी पायरी हीच आहे, आणि बहुतेक जण तीच गाळतात.

मुंबईचे एक उदाहरण घेऊ. नानाभाई हरिदास हे मुंबई उच्च न्यायालयावर बसलेले पहिले भारतीय. १८७३ पासून ते हंगामी न्यायाधीश म्हणून काम करत होते आणि १८८४ मध्ये कायम झाले. १८८९ मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी काशिनाथ त्रिंबक तेलंग न्यायाधीश झाले. तेलंग सप्टेंबर १८९३ मध्ये ऐन उमेदीत गेले, तेव्हा महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली. रानडे जानेवारी १९०१ मध्ये वारले आणि त्या वर्षी नारायण गणेश चंदावरकर आले. ही चार नावे स्वतंत्र चरित्रांत वाचली, तर चार विद्वानांचा चार वेळा झालेला गौरव दिसतो. एका ओळीत मांडली, तर एकच जागा दिसते, आणि ती एकाच्या मृत्यूनंतरच दुसऱ्याला मिळताना दिसते. यांपैकी एकही बॅरिस्टर नव्हता. तेलंग उच्च न्यायालयाची परीक्षा देऊन अॅडव्होकेट झालेले होते, रानडे न्यायखात्यात चढत आलेले होते आणि चंदावरकर वकील होते.

आता १८९५ कडे यावे. त्या वर्षी बद्रुद्दीन तय्यबजी यांची नेमणूक झाली, तेव्हा रानडे न्यायासनावर होतेच. म्हणजे तय्यबजी ‘देशी माणसाच्या जागेवर’ आलेले नव्हते. ते मिडल टेंपलमधून १८६७ मध्ये बॅरिस्टर झालेले होते, मुंबईच्या ओरिजिनल साइडवर त्यांची मोठी वकिली चालत होती, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांची गणना बॅरिस्टरांच्या तृतीयांशात होत होती. १८९५ ते १९०१ या काळात रानडे आणि तय्यबजी एकाच न्यायालयात न्यायाधीश होते, याचे स्पष्टीकरण त्यांच्या जागा निराळ्या होत्या यातच सापडते. वकील वर्गाला उरलेल्या वाट्यात वाट पाहावी लागे, पण बॅरिस्टर झालेल्या भारतीयाला तोपर्यंत युरोपियनांकडेच राहिलेल्या राखीव वाट्यात शिरता येई. विलायतेचा खर्च सोसणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्यावर यात किती अन्याय होता, हे वेगळे सांगायला नको. आणि त्या काळचे वकील ही गोष्ट चांगलीच जाणून होते.

साखळी लावताना एक पथ्य पाळावे. दोन तारखा जवळ आहेत म्हणून जागा एकच, असे गृहीत धरू नये. तय्यबजी १९०६ मध्ये वारले आणि त्याच वर्षी बॅरिस्टर दिनशा दावर न्यायाधीश झाले. तारखा जुळतात, दोघेही बॅरिस्टर, दोघेही भारतीय. तरीही राजपत्रातील अधिसूचनेत ‘अमुक यांच्या जागी’ असे शब्द पाहिल्याशिवाय दुवा पक्का मानू नये. रजा, बदली, निवृत्ती आणि वाढीव जागा या चारही गोष्टी त्याच महिन्यांत घडलेल्या असू शकतात. १९११ च्या कायद्याने न्यायाधीशांची कमाल संख्या वीसवर नेली आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी जादा न्यायाधीश नेमण्याची सोय केली, त्यामुळे त्यानंतरच्या काळात हा गुंता आणखी वाढतो.

हंगामी आणि कायम

१८६१ च्या कायद्याचे सातवे कलम हंगामी नेमणुकीचे आहे. न्यायाधीश रजेवर गेला किंवा जागा रिकामी झाली, तर राजाकडून कायम नेमणूक होईपर्यंत मुंबईत गव्हर्नर आणि त्यांचे कौन्सिल पात्र माणसाला न्यायाधीशाचे काम सांगू शकत. कायम नेमणूक मात्र राजाच्या नावाने, भारतमंत्र्यांच्या शिफारशीवरून लंडनमध्ये होई. म्हणून एकाच माणसाच्या नेमणुकीच्या दोन तारखा, दोन कागद आणि दोन निर्णयकर्ते असतात. चरित्रांत या दोन तारखांची सर्रास सरमिसळ झालेली असते. नानाभाई हरिदासांच्या बाबतीत १८७३ आणि १८८४ ही दोन्ही वर्षे कोणत्या अर्थाने बरोबर आहेत, हे वर आलेच आहे.

चालू वकिलीतील बॅरिस्टरला हंगामी नेमणुकीवर घेणे सरकारला सोयीचे होते. तो शहरातच असे, न्यायालयाची रीत त्याला पाठ असे, आणि विलायतेहून माणूस येईपर्यंतचे महिने निभावून जात. बॅरिस्टरला मात्र मधल्या काळात आपले काम दुसऱ्यांकडे सोपवावे लागे आणि मुदत संपल्यावर कालपर्यंत ज्या आसनावर बसलो त्याच्यासमोर पुन्हा उभे राहावे लागे. थॉमस चिझम अॅन्स्टी यांचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. हाँगकाँगचे माजी अॅटर्नी जनरल असलेले हे तापट बॅरिस्टर मुंबईत वकिली करत होते आणि वल्लभ संप्रदायाच्या महाराजाने दाखल केलेल्या बदनामीच्या ‘महाराज लायबल’ खटल्यात पत्रकार करसनदास मुळजींच्या बाजूने उभे राहिले होते. १८६५ मध्ये, शेअरबाजाराच्या कोसळण्यातून निघालेल्या दाव्यांच्या काळात, त्यांना हंगामी न्यायाधीश नेमण्यात आले. आणि खोजा समाजातील वादातून झालेल्या १८६६ च्या आगाखान खटल्यात ते पुन्हा वकील म्हणून सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यासमोर उभे होते. अशा माणसाच्या नावापुढे केवळ ‘न्यायाधीश, मुंबई उच्च न्यायालय’ असे लिहिणे अपुरे आहे. ‘हंगामी’ हा शब्द आणि मुदत दोन्ही लिहावीत. तय्यबजींनी १९०२ मध्ये मुख्य न्यायाधीशाचे काम पाहिले, तेही हंगामी होते, आणि तसेच नोंदवावे. त्याने त्यांचा मान कमी होत नाही.

बॅरिस्टरीची वर्षे मोजताना

कायद्याने पाच वर्षे मागितली आहेत, पण ती कशाची, हे नीट पाहावे. इंग्रजी मजकूर बॅरिस्टर म्हणून ज्येष्ठतेची पाच वर्षे मागतो. पाच वर्षे प्रत्यक्ष वकिली केलेली असावी, असे तेथे लिहिलेले नाही. म्हणून दोन आकडे स्वतंत्रपणे काढावेत. एक, लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल किंवा ग्रेज इन यांपैकी ज्या संस्थेने बॅरिस्टर केले तेथील तारखेपासून नेमणुकीपर्यंतचा काळ. दुसरा, मुंबईत किंवा अन्यत्र प्रत्यक्ष काम केल्याचा काळ. पहिला आकडा पात्रता सांगतो आणि दुसरा अनुभव सांगतो.

हे दोन्ही आकडे शेजारी मांडले की पुष्कळ काही उघड होते. १८९५ मध्येच मुंबई उच्च न्यायालयावर आर्थर स्ट्रॅची हेही आले. ते १८८३ मध्ये बॅरिस्टर झाले होते आणि त्यांची वकिली अलाहाबादला चालली होती. म्हणजे त्याच न्यायालयावर, त्याच कलमाखाली, त्याच वर्षी नेमलेल्या दोन बॅरिस्टरांपैकी एकाच्या मागे बॅरिस्टरीची १२ वर्षे होती आणि दुसऱ्याच्या मागे २८. स्ट्रॅची हे वायव्य प्रांतांचे माजी लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन स्ट्रॅची यांचे पुत्र, ही माहितीही टिपणात असावी. मात्र एवढ्यावरून ‘युरोपियनांना लवकर आणि भारतीयांना उशिरा’ असा नियम मांडू नये. त्यासाठी दशकभरातील सगळ्या बॅरिस्टर नेमणुकांचा तक्ता करावा लागतो, आणि तो करणे फारसे अवघडही नाही, कारण नावे थोडी आहेत.

प्रत्येक ‘बॅरिस्टर न्यायाधीश’ त्याच शहरातील वकिलीतून आलेला होता, असेही समजू नये. चार्ल्स सार्जंट मुंबईला येण्यापूर्वी आयोनियन बेटांचे मुख्य न्यायाधीश होते, १८६६ मध्ये ते मुंबईचे न्यायाधीश झाले आणि १८८२ ते १८९५ मुख्य न्यायाधीश राहिले. लिटलटन बेली १८५९ मध्ये न्यू साउथ वेल्सचे अॅटर्नी जनरल होते, पुढे मुंबईत सरकारच्या मुख्य वकिलाचे, म्हणजे अॅडव्होकेट जनरलचे काम करून १८६९ मध्ये न्यायाधीश झाले. साम्राज्यातील वसाहतींमध्ये कायदेपंडितांची अशी ये-जा चालू असे. याउलट १९३० मध्ये मुख्य न्यायाधीश झालेले जॉन ब्यूमाँट लंडनच्या चॅन्सरी न्यायालयातील वकिलीतून थेट त्या पदावर आले. ‘वकिलीतून नेमणूक’ असे लिहिताना ती मुंबईची वकिली, अन्य प्रांताची वकिली, विलायतेतील वकिली की वसाहतीतील सरकारी कायदेपद, हे चार पर्याय वेगळे ठेवावेत. मुंबईतील बॅरिस्टरांना आपल्यातला माणूस वर गेला याचा अभिमान वाटे आणि परका आला की राग येई, आणि तेव्हाच्या वृत्तपत्रांतील टीका समजण्यासाठी हा भेद लागतो.

आणखी एक अडचण अशी की सनदी सेवेतील अनेक अधिकारी दीर्घ रजेवर विलायतेस गेले असता बॅरिस्टरही होऊन येत. नावापुढे ‘बॅरिस्टर-अॅट-लॉ’ दिसले म्हणून माणूस बॅरिस्टरांच्या वाट्यातला, असा निष्कर्ष काढला तर सगळा तक्ता बिघडतो. त्याची नोकरीची नोंद पाहून खात्री करावी.

वकिली सोडून न्यायासनावर

पात्रता आणि जागा कळल्यावर माणसाकडे वळावे. चांगली वकिली चाललेल्या बॅरिस्टरने न्यायाधीशपद का घ्यावे? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला दरमहा ४,००० रुपये मिळत. हा पगार मोठा होता, पण ओरिजिनल साइडवरील आघाडीचा बॅरिस्टर त्याहून पुष्कळ अधिक मिळवू शके. त्यामुळे पद देऊ केल्यावर नकार येणे अशक्य नव्हते, आणि तुम्हाला सापडलेला माणूस सरकारची पहिली निवड होता की दुसरी, हा रास्त प्रश्न आहे. वय, प्रकृती, कामाचा ताण, सामाजिक प्रतिष्ठा आणि निवृत्तिवेतन यांचा विचार होत असे. कायद्याने मात्र न्यायाधीशाला शाश्वती दिलेली नव्हती. १८६१ च्या चौथ्या कलमाप्रमाणे तो राजाची मर्जी असेपर्यंतच पदावर राहू शके. वयाची साठ वर्षे ही मर्यादा आणि गैरवर्तन किंवा असमर्थता यांवाचून पदच्युती नाही, ही हमी १९३५ च्या कायद्याने आली. राजद्रोहाचे खटले ऐकणारा न्यायाधीश ज्याच्या मर्जीवर पदावर राहतो, तोच त्या खटल्यात फिर्यादी असतो, याचा विसर वाचकाला पडू देऊ नये.

अॅडव्होकेट जनरलचे पद ही न्यायासनाकडे जाणारी ठळक वाट होती. बेझिल स्कॉट मुंबईचे अॅडव्होकेट जनरल होते आणि १९०८ मध्ये थेट मुख्य न्यायाधीश झाले. ज्याची नेमणूक तपासत आहात, त्याने सरकारसाठी किती आणि कोणते खटले चालवले, हे निवाड्यांच्या अहवालांत वकिलांची नावे छापलेली असतात त्यावरून काढता येते.

आता वकिलीतून आलेल्या न्यायाधीशाच्या बाबतीतला सर्वांत नाजूक भाग, म्हणजे त्याचे जुने अशील. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, तेव्हा जामिनाचा अर्ज आधी पार्सन्स आणि रानडे यांच्यासमोर फेटाळला गेला. पुढे तो तय्यबजींसमोर आला आणि त्यांनी जामीन दिला. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर दावर उभे होते. खटला स्ट्रॅची यांच्यासमोर चालला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. अकरा वर्षांनी, जुलै १९०८ मध्ये, दुसरा खटला चालला, तेव्हा न्यायासनावर तेच दावर होते. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते, निर्णय सात विरुद्ध दोन असा झाला आणि दावरांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. महाराष्ट्राने हे विसरावे असे नाही, आणि मीही ते तटस्थपणे वाचू शकत नाही. तरी अभ्यासकाने या प्रसंगातून कोणते प्रश्न काढावेत, ते स्पष्ट असावे. जुने वकील-अशील नाते असताना खटला दुसऱ्या न्यायाधीशाकडे द्यावा, असा काही नियम किंवा प्रघात त्या न्यायालयात होता काय? त्या सेशन्सचे काम दावरांकडे कोणत्या क्रमाने आले? १८९७ मध्ये त्यांनी जामिनासाठी जो युक्तिवाद केला, तो आणि १९०८ चा ज्यूरीसमोरील समारोप शेजारी ठेवून वाचले तर काय दिसते?

याच उदाहरणावरून एक सावधगिरीही शिकावी. न्यायाधीशाचा वर्ग पाहून त्याचा निकाल आधीच ठरवू नये. १८९७ मध्ये जामीन नाकारणाऱ्यांत रानडे होते. जामीन देणारे तय्यबजी आणि राजद्रोहाच्या कलमातील ‘अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव’ असा अर्थ ज्यूरीला सांगणारे स्ट्रॅची हे दोघेही १८९५ चे बॅरिस्टर न्यायाधीश होते.

कागद कोठे पाहावेत

सुरुवात सर्वांत सुलभ छापील साधनांपासून करावी. इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेचे खंड १८७६ पासून आहेत आणि त्यापूर्वीच्या काळासाठी बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स आहेत. खंडाच्या आरंभीची पाने उलटून न पाहता थेट निवाड्यांकडे जाऊ नये, कारण तेथे त्या काळातील न्यायाधीशांची यादी, आणि अनेकदा रजा व हंगामी नेमणुकांच्या टिपा असतात. १८९९ पासून बॉम्बे लॉ रिपोर्टरही उपलब्ध आहे. त्यानंतर मुंबई सरकारचे राजपत्र पाहावे. हंगामी नेमणुकीची अधिसूचना, पदभार घेतल्याची तारीख आणि ‘यांच्या जागी’ ही नोंद तेथे मिळण्याचा संभव सर्वाधिक. कायम नेमणूक व नाइटपदासाठी लंडन गॅझेट पाहावे. बॅरिस्टर झाल्याची तारीख त्या त्या इनच्या छापील नोंदवह्यांत मिळते.

निर्णयामागची कारणे मात्र छापील साधनांत मिळणार नाहीत. त्यासाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात न्याय विभागाचे खंड मागवावेत, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह विभागाच्या न्यायशाखेची कार्यवाही पाहावी, आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या सार्वजनिक व न्याय विभागाची दफ्तरे पाहावीत. दिल्लीच्या अभिलेखागाराची सूची आणि बराच मजकूर ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतो, म्हणून प्रवास करण्याआधी तो शोध पूर्ण करावा. शोधताना केवळ नेमलेल्या माणसाचे नाव टाकू नये. ज्याच्या जागी तो आला त्याचे नाव, ‘रजा’, ‘राजीनामा’, ‘हंगामी’ यांचे इंग्रजी प्रतिशब्द आणि आडनावाची त्या काळची सारी इंग्रजी स्पेलिंगे टाकून पाहावीत. फाइल बहुधा जाणाऱ्याच्या नावाने उघडलेली असते.

मराठी व इंग्रजी-मराठी वृत्तपत्रे, विशेषतः ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’ आणि ‘इंदुप्रकाश’, नेमणुकीवर भाष्य करत. सरकार देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे साप्ताहिक इंग्रजी सारांश तयार करून घेई, तेही उपयोगी आहेत. पण सारांशावरून उद्धृत करू नये, मूळ अंक शोधावा, कारण भाषांतरकाराने काय गाळले हे त्याखेरीज कळत नाही. वृत्तपत्रातील मत हा त्या वृत्तपत्राच्या भूमिकेचा पुरावा असतो. सरकारचा हेतू त्याने सिद्ध होत नाही. हेतू फाइलमध्ये नोंदलेला नसेल, तर लेखात ‘कागदपत्रांत कारण दिलेले नाही’ असे लिहून पुढे जावे.

ही पद्धत कोठे चालणार नाही

आजचा सारा महाराष्ट्र मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीत नव्हता. विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि १९३६ पर्यंत तेथे ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट होते. त्या न्यायालयाला १८६१ च्या कायद्यातील तृतीयांशांची अट लागू नव्हती. १९३६ मध्ये नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले, गिल्बर्ट स्टोन पहिले मुख्य न्यायाधीश झाले, आणि मिडल टेंपलचे बॅरिस्टर व्हिव्हियन बोस त्याच वर्षी न्यायाधीश झाले. नागपूरच्या नेमणुका तपासताना कमिशनरच्या कोर्टातील आधीचे पद आणि उच्च न्यायालयातील पद अशी दोन्ही साखळी लावावी. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेथील न्यायव्यवस्थेला पार्लमेंटचा कायदा लागू नव्हता. कोल्हापूर आणि इतर संस्थानांचेही तसेच. तेथे ‘हायकोर्ट जज्ज’ असा उल्लेख सापडला, तर त्या संस्थानाचे दफ्तर पाहिल्यावाचून मुंबईशी तुलना करू नये.

काळाचीही सीमा आहे. महंमद करीम छागला १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, मुंबईत वकिली करून १९४१ मध्ये न्यायाधीश झाले आणि १९४७ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. त्यांची पहिली नेमणूक १९३५ च्या कायद्याखाली राजाच्या अधिपत्राने झाली, त्यामुळे तिचा माग लंडनच्या दफ्तरापर्यंत जातो. दुसरी सत्तांतराच्या वर्षातली आहे, म्हणून तिच्यासाठी दिल्ली आणि मुंबई येथील कागद पाहावे लागतात. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाचे अनुच्छेद २१७ लागू झाले. त्यात दहा वर्षांचे न्यायपद किंवा उच्च न्यायालयातील दहा वर्षांची अॅडव्होकेटी, एवढ्याच पात्रता राहिल्या आणि बॅरिस्टर अशी स्वतंत्र वर्गवारी उरली नाही. त्या तारखेनंतरच्या नेमणुकांसाठी तृतीयांशांचा तक्ता बाजूला ठेवावा आणि नव्याने सुरुवात करावी.